नानांनी बिघडवलेलं दार

आमच्या मामेसासऱ्यांना ज्यांनी एकदा घरी जेवायला बोलावलं त्यांचं घर दुरुस्त झालं, आणि ज्याने आपणहून दुसऱ्यांदा बोलावलं असं घर अख्ख्या खानदेशात शोधूनही सापडणार नाही. माणूस वाईट मुळीच नव्हता. इतका निर्मळ माणूस मी माहेरी आणि सासरी दोन्हीकडे मिळून दुसरा पाहिला नाही. पण पाहुणा म्हणून जाऊन सतरंजीवर बसावं, पाणी प्यावं, कपाशीला यंदा बोंडं कशी आहेत ते विचारावं, चार घास खाऊन निरोप घ्यावा, एवढं साधं काम त्यांना जन्मभर जमलं नाही. त्यांना करकर सहन होत नसे. माणसं कितीही कुरकुरली तरी नाना ढिम्म बसत. मामेसासूबाई होत्या तेव्हा त्या दिवसभर बोलत आणि नाना शांतपणे सुपारी कातरत. पण कुठे झोपाळ्याची कडी करकरली, जात्याचा खुंटा कण्हला, की दाढ ठणकावी तसा त्यांचा चेहरा व्हायचा आणि ते उठायचेच. सगळे त्यांना नाना म्हणत, मीही इथे तेच लिहिते.

नाना जिनिंगमध्ये फिटर होते. कपाशीतून सरकी वेगळी काढणारी ती यंत्रं एका ओळीत उभी असतात आणि सुरू झाली की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. चाळीस वर्षं त्या गोंगाटात काढून बाकीचे फिटर बहिरे झाले, नानांचे कान मात्र धार लावल्यासारखे झाले. त्यांच्या बंडीच्या एका खिशात तेलाची कुपी आणि दुसऱ्यात वीतभर लांबीची सागाची दांडी असे. दांडीचं एक टोक यंत्राला लावायचं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटायचे. मग ते सांगत की या बेअरिंगला आठ दिवस आहेत, त्याला तीन. तसंच व्हायचं. घरात चूल, जातं, पाळणा, माळ्याची शिडी, सगळ्यांना ती दांडी लागून गेली होती. आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या छातीला दम्याच्या वेळी ती लागली नाही, ते केवळ नात्याची मर्यादा आडवी आली म्हणून. ते नेहमी म्हणत, "जे करकरतं ते दुखतं. दुखत असलं तं पाहात बसू काय?"

पाचोऱ्याला एकदा भाच्यासाठी मुलगी पाहायला गेले. मुलीकडच्यांनी मानाने त्यांना झोपाळ्यावर बसवलं. मुलगी पोह्यांची ताटली घेऊन बाहेर आली तेव्हा झोपाळ्याच्या चारही कड्या अंगणात तेलात भिजत पडलेल्या, पाट भिंतीला टेकवलेला, आणि भावी वराचे मामा शिडीवर चढून आढ्याचा हूक कानसत होते. मुलगी हसली आणि त्या हसण्यावरच भाच्याने होकार दिला, म्हणून ते निभावलं. बोदवडला एका घरी समाचाराला गेले. बायका रडत होत्या, पुरुष माना खाली घालून बसले होते. परसात विहिरीचा रहाट किंचाळला. नाना उठले. तासाभराने पाहतात तो रडणं थांबलेलं, सगळं घर विहिरीभोवती जमलेलं, आणि मेलेल्या माणसाचा भाऊ एका हाताने पोहरा ओढून म्हणतोय, काय हलका झालाय हो. घरी आल्यावर सासूबाई त्यांना खूप बोलल्या. नाना एवढंच म्हणाले, "माणूस गेला त्याले मी काय करू शकत व्हतो? रहाट तं हातातला व्हता."

आणि अशा माणसाला अफगाणिस्तानातून बोलावणं आलं. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. तिकडे कुंदूज नावाचं गाव आहे, काबूलच्याही पलीकडे, मोठे डोंगर ओलांडून. तिथे आपल्यासारखाच कापूस पिकतो. तिथल्या एका जिनिंगमध्ये जुनी यंत्रं पुन्हा उभी करायची होती आणि त्यांना हाताने काम करणारा जाणता फिटर हवा होता. मुंबईच्या एका यंत्रवाल्या पेढीने नानांचं नाव कळवलं. नाना जायला तयार होते, पण त्यांची एक अट होती. ते मांस-मच्छी शिवत नसत आणि कळण्याच्या भाकरीशिवाय त्यांचं पोट भरत नसे. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून ती भाकरी होते, ती थापणारं घरचं माणूस बरोबर हवं. आमचे हे त्यांच्या हाताखालीच फिटर होते, म्हणजे ते जाणारच होते. त्यांच्यामागून भाकरीसाठी मी. मी तोवर भुसावळच्या पलीकडे गेले नव्हते. पिठाची एक गोणी, ठेच्याची बरणी आणि मी, असं सामान निघालं.

सगळ्या घराला एकच धास्ती होती. तिकडच्या लोकांचा पाहुणचार मोठा आणि अब्रूही मोठी, असं ऐकून माहीत होतं. तिथे हा माणूस कुणाच्या तरी घराची वस्तू उचकटणार आणि मग आपलं काही खरं नाही. म्हणून भुसावळ स्टेशनात गाडी लागायच्या आधी ह्यांनी नानांकडून वचन घेतलं, की दुसऱ्याच्या घरातल्या कुठल्याही वस्तूला सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. नानांनी सासूबाईंच्या डोक्यावर हात ठेवून वचन दिलं. सासूबाई म्हणाल्या, हात काढ, माझं डोकं दुखतंय आधीच.

दिल्लीहून विमानाने काबूल, आणि काबूलहून दोन दिवस लॉरीने कुंदूज. विमानात मी डोळे मिटून बसले होते. नाना दांडी काढून खिडकीला लावून बसले आणि उतरताना विमानातल्या बाईंना त्यांनी गंभीरपणे सांगितलं की उजव्या बाजूला लक्ष ठेवा. लॉरी म्हणजे काही घर नव्हे, म्हणून वचन तिथे लागू नव्हतं. घाटात, जिथे बर्फ हाताला लागेल इतकं जवळ होतं, तिथे चहासाठी थांबलो तेव्हा नाना लॉरीच्या खाली गेले ते दोन पेले चहा गार होईपर्यंत बाहेर आले नाहीत. ड्रायव्हर आधी ओरडला. लॉरी सुरू करून पाहिल्यावर त्याने नानांच्या दोन्ही हातांचं चुंबन घेतलं आणि पुढचा सगळा रस्ता त्यांना आपल्या शेजारी बसवून सुकी तुतं, म्हणजे वाळवलेली तुतीची फळं, चारत नेलं. हे दात ओठ खाऊन मला म्हणाले, सुरुवात झाली.

कुंदूज सपाट मुलखातलं गाव. मातीची घरं, उंच सरळ झाडं, लाल गोंडे आणि घुंगरं लावलेले टांगे, आणि गावाबाहेर पडलं की दोन्ही बाजूंना कपाशी. मला वाटलं होतं परक्या मुलखात आले, आणि समोर आपल्याच शेतासारखं शेत. जिनिंगचे मुख्य कारभारी एक पोक्त गृहस्थ होते. तरुणपणी पेशावरकडे व्यापार केल्यामुळे त्यांना हिंदुस्थानी चांगली येत होती. आम्ही त्यांना खानसाहेब म्हणत असू. बरोबर बाईमाणूस आहे हे कळल्यावर त्यांनी आम्हाला कुठल्या सरायीत न उतरवता आपल्याच घरी नेलं. बाहेरच्या बाजूला पाहुण्यांची मोठी खोली, गालिचे घातलेली, भिंतीला तक्के. तिथे नाना आणि हे. आतल्या बाजूला चौक आणि त्याभोवती बायकांच्या खोल्या. तिथे मी, खानसाहेबांच्या आई, त्यांना सगळे बीबीजान म्हणत, आणि खानसाहेबांची बायको. ती मला पहिल्या दिवसापासून खाहर म्हणू लागली. खाहर म्हणजे बहीण.

मला त्यांची भाषा येत नव्हती, पण बसायला सांगितलं की तोंड बंद ठेवायची मला सवय होती, त्यामुळे जड गेलं नाही. आणि हळूहळू लक्षात आलं की आपले किती तरी शब्द तिथेही आहेत. दरवाजा, चादर, परदा, आवाज, रुमाल. सर्वांत उपयोगाचा शब्द बस. ताटात वाढायला लागले की हात आडवा धरून बस म्हणायचं. आपल्याकडे ताट पुसून साफ केलं की जेवण झालं. तिथे ताट साफ दिसलं की पाहुणा उपाशी राहिला असं समजून पुन्हा वाढतात. नानांना लहानपणापासून शिकवलेलं, अन्न टाकायचं नाही. पहिल्या दिवशी ते टाकेनात आणि खानसाहेब वाढायचे थांबेनात. शेवटी नाना ह्यांना म्हणाले, "याले सांग, मी मेलो तं जिन कोण लावंन?" तेव्हा कुठे बस हा शब्द कामी आला.

पण पाहुणा म्हणून नाना तिथे इतके चांगले वागले की आम्ही चकित झालो. जोडे बाहेर, पाय दुमडून बसणं, कुणाकडे पाऊल करायचं नाही, भाकरीचा तुकडा खाली पडला की उचलून कपाळाला लावायचा. हे शेवटचं त्यांच्यात आणि आपल्यात सारखंच. खानसाहेबांनी आमच्यासाठी तांब्याची नवी भांडी आणली, ज्यात मांस कधी शिजलं नव्हतं. आणि प्रत्येक जेवणाआधी ते स्वतः झारी घेऊन नानांच्या हातावर पाणी घालत आणि मग त्यांच्याशेजारी बसून जेवत. घराचे मालक असून. नानांनी त्याची परतफेड अशी केली की एक दिवस शेतातल्या वाळलेल्या पळकाट्या आणवल्या, म्हणजे कपाशीच्या काड्या, आणि अंगणात त्यांच्यावर वांगी भाजवली. मी आत मिरची-लसूण ठेचून भरीत केलं. बीबीजाननी एक घास खाल्ला, पाणी मागितलं, डोळे पुसले आणि पुन्हा हात पुढे केला.

असं सगळं सुरळीत होतं. फक्त एक गोष्ट वाईट होती, आणि ती म्हणजे पाहुण्यांची खोली आणि आतला चौक यांच्यामधलं दार.

ते जुन्या जड लाकडाचं होतं. त्याला बिजागऱ्या नव्हत्या. खालचा लाकडी खुंट दगडाच्या खळग्यात फिरायचा. आणि ते असं करकरायचं की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं कुणी उंट आत आणला. चहा आला की करकर, ताटं आली की करकर. नाना बरोबर त्या दारासमोर बसत, कारण तीच मानाची जागा. दर वेळी त्यांचे डोळे मिटत आणि हात खिशाकडे जाई, आणि हे खाकरत, आणि हात परत मांडीवर येई. असे बावीस दिवस गेले. बावीस दिवस त्या माणसाने वचन पाळलं. त्याला किती सोसावं लागलं असेल हे आम्हीच जाणतो. शेवटी सहन होईना तेव्हा त्यांनी जिनिंगमधून आणलेल्या रुईचे बोळे कानांत घातले.

ते खानसाहेबांनी पाहिलं. पाहुण्याचा कान दुखतोय असं त्यांनी आत सांगितलं. बीबीजाननी ताबडतोब बदामाचं तेल कोमट केलं, चिनी मातीच्या वाटीत घातलं आणि बाहेर पाठवलं. दुसरा दिवस शुक्रवार. जिनिंग बंद, खानसाहेब नमाजाला गेलेले, हे बाजारात. नाना एकटे, समोर ते दार, आणि हातात कालची ती तेलाची वाटी. नानांच्या मनात काय आलं ते त्यांनी नंतर सांगितलं. त्यांना वाटलं, कान कशाने दुखतोय हे घरच्यांना कळलेलं दिसतं. तेल त्यांनीच धाडलं, म्हणजे सांगितल्यासारखंच झालं. त्यांनी पहारीने दार बोटभर उचललं आणि सगळी वाटी खळग्यात ओतली.

दुपारी नमाजाहून खानसाहेबांबरोबर आठ-नऊ माणसं जेवायला आली. गावातली मोठी माणसं होती. आत चौकात ऊन छान आलं होतं. बीबीजान नुकत्याच न्हाऊन बसल्या होत्या आणि त्यांचे पांढरे केस उन्हात पसरून त्यांची सून विंचरत होती. दिवसा त्या दाराला कडी लावायची कधी गरज पडली नव्हती. ते इतकं अडेल होतं की लोटल्याशिवाय हलत नसे, आणि हललं की सगळ्या घराला कळे. पण चौकट एका बाजूला खचलेली होती, आणि आज अडवायला काही उरलं नव्हतं. ताट नेणाऱ्याच्या मागे दार टेकलं आणि मग आपोआप, अगदी हळू, उघडत गेलं. आवाज अजिबात नाही. मी मान वर केली तो समोर पुरुषांची ओळ आणि इकडे आम्ही तिघी, बीबीजानचे केस मोकळे.

हे तोवर बाजारातून परतून पंगतीत बसले होते, ते नंतर म्हणाले की त्या सगळ्या पाहुण्यांनी एकाच वेळी माना खाली घातल्या त्या जेवण संपेपर्यंत वर केल्या नाहीत. वर पाहिलं ते एकट्या नानांनी, आणि त्यांची नजर होती खालच्या खुंटाकडे. इतक्या जड दाराचा खुंट लोण्यासारखा फिरतोय हे पाहून त्यांना राहवलं नाही, आणि ते आपल्या बोलीत म्हणाले, "पाह्यलं का, आता कसं सुख वाटून राह्यलं त्याले." खानसाहेब उठले, त्यांनी दार लावलं, आणि ते पुन्हा उघडू नये म्हणून त्याला पाठ टेकून बसले. तसेच बसून राहिले. पाहुणे लवकर उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी, भाजी, चहा, सगळं वेळेवर आलं, फक्त खानसाहेब आले नाहीत. काम आहे म्हणून निरोप आला. दुपारी आले नाहीत. संध्याकाळी आले नाहीत. हातावर पाणी नोकराने घातलं. आत बीबीजान खोलीतून बाहेर येईनात, आणि खाहर अशी हाक मला कुणी मारली नाही. ह्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मला दाराआडून सांगितलं की यजमान जेवायला बसत नाही याचा अर्थ आपण इथले पाहुणे उरलो नाही. सामान बांधून ठेव. यंत्रं अर्धी उभी, अर्धी जमिनीवर. चाळीस वर्षांत नानांनी एकही काम अर्धं टाकलं नव्हतं. पण मला कामाचं तेवढं वाटत नव्हतं. ज्या म्हाताऱ्या बाईने ओळखदेख नसता तेल कोमट करून पाठवलं, तिला आमच्या माणसाने परक्यांपुढे उघडं पाडलं, आणि आम्ही तसेच निघून जाणार, हे मला गिळवत नव्हतं.

आणि नानांना तर काय झालं हेच कळलं नव्हतं. दार छान झालं आणि माणसं का रुसली, याचाच ते विचार करत होते.

आमच्या घरी सुना मामेसासऱ्यांशी बोलत नाहीत. लग्नाला पाच वर्षं झाली होती, पण मी नानांशी एक शब्द बोलले नव्हते. काही सांगायचं तर ह्यांच्याकडून, नाहीतर कुणी मूल मध्ये घालून. मोठी माणसं बसलेली असली की खोलीत जायच्या आधी बांगड्या वाजवायच्या. मग ती जरा सावरून बसतात, आपण पदर नीट करतो, आणि मान खाली घालून आत जातो. रविवारी सकाळी हे टांग्याने पुढे गेले होते. नाना एकटे बसले होते. मी न्याहारी घेऊन दाराशी आले. नेहमी उंबऱ्यावर ठेवून परत फिरत असे. त्या दिवशी मी बांगड्या वाजवल्या आणि उभी राहिले.

नाना तोंड फिरवून बसले, रीतीप्रमाणे. मी भिंतीकडे पाहून बोलले. म्हणाले, "नाना, आता मी बांगड्या वाजवल्या, म्हणून तुम्ही तोंड फिरवलंत. ते दार त्यासाठीच वाजत होतं. कुणी येतंय हे त्या दारावरून आम्हाला आत कळायचं. ते दुखत नव्हतं."

मग नाना भिंतीकडे पाहतच म्हणाले, "म्हणजे मी लोकाच्या घरच्या बांगड्या फोडल्या."

भाकरी त्यांनी खाल्ली नाही. टांगा न करता पायी जिनिंगला गेले. पुढचं ह्यांनी पाहिलं. खानसाहेब हिशेबनिसांशी बोलत होते. नानांनी त्यांच्यासमोर कुपी आणि दांडी ठेवली, टोपी काढली, आणि जन्मात पहिल्यांदा परवानगी मागितली. दार मी होतं तसं करून देतो, हात लावू का, असं त्यांनी ह्यांना हिंदीत सांगायला लावलं. खानसाहेबांनी आधी नानांच्या डोक्यावर टोपी परत ठेवली आणि मग त्यांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "मी रागावलो नव्हतो, नाना. मला लाज वाटत होती. माझा पाहुणा बावीस दिवस माझ्या दारामुळे त्रास काढत होता आणि मी त्याला विचारलं नाही. कोणत्या तोंडाने तुमच्या शेजारी बसू?"

हे परत येऊन मला सांगताना हसत होते आणि मध्येच थांबत होते. मी सामानाच्या गाठी सोडल्या.

पण दार बिघडवणं हे दार दुरुस्त करण्यापेक्षा फार अवघड निघालं. बदामाचं तेल लाकडात मुरलेलं. नानांनी खुंट उचलून त्यावर राख दाबली, गरम पाणी आणि सोडा घालून धुतलं, पुन्हा राख दाबली. दार मुकाट. मग त्यांनी जिनिंगमधून राळ आणली. यंत्राचा पट्टा घसरू नये म्हणून त्याला राळ लावतात. ती कुटून खळग्यात भुरभुरली आणि दार ओढलं. दार असं किंचाळलं की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. आतून बीबीजाननी चादर डोक्यावरून घेऊन, दाराशी बसून सांगितलं की असं नव्हतं. आवाज जाड होता. मी ते हातवाऱ्यांनी समजून घेतलं आणि बाहेर ह्यांना सांगितलं, ह्यांनी नानांना. नानांनी राळ कमी केली, वाळू घातली. बीबीजान म्हणाल्या, हा मधेच तुटतो, तो लांब जायचा. नानांनी दार पुन्हा उचललं. बीबीजाननी तोंडाने तो आवाज काढून दाखवला, अगदी हुबेहूब, आणि त्यांची सून चादरीचं टोक तोंडात कोंबून हसत लोळायला लागली. बाहेरून नानांनी तोच आवाज काढून विचारलं की असा का? आतून उत्तर आलं, नाही, असा. साठीचा आमचा माणूस आणि सत्तरीची त्यांची माउली दाराच्या दोन बाजूंना बसून दुपारभर करकरत होती. उन्हं कलली तेव्हा दार एकदा वाजलं, जाड, लांब, शेवटी थोडं खाली उतरणारं, आणि बीबीजान म्हणाल्या, "बस."

हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

त्या संध्याकाळी खानसाहेबांनी झारी आणली आणि नानांच्या हातावर पाणी घातलं. नंतर ते असे जेवले की तीन जेवणांची कसर त्यांनी एकदम काढली. मला आतून खाहर, खाहर अशा हाका येत होत्या. मी भाकऱ्या थापत होते आणि उगीच रडत होते.

पुढे आम्ही थंडी संपेपर्यंत तिथे होतो. यंत्रं सगळी उभी राहिली, कापूस त्यांच्यातून पांढरा होऊन बाहेर पडला, आणि नानांनी एकेकाला दांडी लावून सांगितलं की यांना आता दहा वर्षं काही होत नाही. निघायच्या सकाळी बीबीजान चादर घेऊन स्वतः बाहेरच्या खोलीत आल्या. खानसाहेबांना ते ठाऊक नव्हतं, ते गडबडून उभे राहिले. बीबीजाननी नानांना बिरादर म्हटलं, म्हणजे भाऊ, आणि सुक्या तुतांची पुरचुंडी त्यांच्या हातात ठेवली. नानांनी वाकून नमस्कार केला आणि खाली बसून जोड्यांचे बंद बराच वेळ बांधत राहिले.

भुसावळला गाडीतून उतरलो आणि मी पदर पुढे ओढला. त्यानंतर मी नानांशी कधी बोलले नाही, ते माझ्याशी बोलले नाहीत. तशी रीतच आहे, त्यात कुणाचा दोष नाही. नाना आता कुणाकडे गेले की आधी विचारू लागले, हात लावू का म्हणून. लोकांना ते आवडलं, पण थोडी चुटपुटही लागली. कित्येकांनी मुद्दाम काही काही मोडकं तसंच ठेवलं होतं.

सणावाराला घर जमलं की सगळे नानांना त्या दाराची गोष्ट सांगायला लावत. ते सांगायचेही रंगवून, कुत्र्याच्या भुंकण्यासकट. मग कुणी तरी विचारायचं, पण नाना, तुम्हाला हे कळलं कसं? नाना सुपारीचं खांड तोंडात टाकत आणि म्हणत, "तिथी एक शहाणं माणूस व्हतं. त्यानं सांगितलं." ऐकणाऱ्यांना वाटायचं, असेल तिथला कुणी म्हातारा मौलवी. सुनेने मामेसासऱ्यांना समोर उभं राहून शहाणपण शिकवलं, हे घरात कळलं असतं तर सासूबाईंनी मला काय काय ऐकवलं असतं ते नानांना माहीत होतं. मी आत स्वयंपाकघरात असे. दर वर्षी तेवढं एक वाक्य ऐकेपर्यंत मी तवा खाली उतरवून ठेवत असे, आवाज नको म्हणून.

नाना जाऊन आता दोन पावसाळे झाले. गोष्ट अजून घरात सांगतात, पण आता ती सांगणारे त्या शहाण्या माणसाला पांढरी दाढी लावतात. मी काही बोलत नाही.